काउबॉयच्या गोष्टी खऱ्या किती?

टेक्सासमध्ये राहतो म्हटलं की पुण्याकडचे नातेवाईक फिरून फिरून एकच विचारतात, "ते काउबॉय, तो गोळीबार... त्यात खरं किती आणि थापा किती?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

गोळीबार बराचसा थापच. कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीन, डॉज सिटीसारख्या गुरांच्या बाजारगावांत तर बंदूक घेऊन फिरायलाच बंदी होती. काउबॉय जास्त करून मरायचा तो नदी ओलांडताना, वीज पडून, नाहीतर रिकिबीत पाय अडकून घोड्यामागे फरफटत. पण त्यांच्या गोष्टींना एक शिस्त असते. घोड्यानं किती उंच उडवलं, ऊन किती कडक होतं, हवं तेवढं फुगवा. कामाचा तपशील मात्र चुकवायचा नाही.

आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या रँचवाल्यासमोर (रँच म्हणजे गुरं पाळायचं मोठं रान) एक जण उधळलेल्या गुरांची गोष्ट रंगवून सांगत होता. वादळी रात्री गुरांच्या शिंगांवर निळा जाळ नाचत होता म्हणाला, म्हाताऱ्यानं मान डोलावली. मग तो म्हणाला, मी मागून घोडा पिटाळला आणि कळप थांबवला. म्हाताऱ्यानं हॅट जरा मागे सारून विचारलं, "मागून?" संपली गोष्ट.

कारण मागून कोणी आलं की उधळलेली गुरं अजूनच पळतात. त्यांच्या पुढे जाऊन आघाडीच्या बैलांना एका अंगाला रेटायचं, रेटत रेटत सगळा कळप स्वतःभोवतीच गोल फिरायला लावायचा. तेही अंधारात, पावसात, बिळांनी पोखरलेल्या जमिनीवर. गंमत म्हणजे तो निळा जाळ खरा. वादळात हवेत वीज साठली की शिंगांच्या टोकांवर तसा उजेड दिसतो, आणि जुन्या लोकांच्या आठवणींत तो पुन्हा पुन्हा येतो.

हे सगळं सुरू झालं अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर. टेक्सासात लांब शिंगांची मोकाट गुरं उदंड, किंमत नगाला 4 डॉलरच्या आसपास. उत्तरेत त्याच जनावराचे 40 डॉलरपर्यंत येत. 1867 मध्ये जोसेफ मॅकॉय नावाच्या व्यापाऱ्यानं अ‍ॅबिलीनच्या रेल्वेमार्गाला लागून गुरांचे कोंडवाडे बांधले आणि टेक्सासातून कळप पायी तिकडे निघाले. दोन-तीन हजार गुरं, डझनभर माणसं, दिवसाला 15 ते 25 किलोमीटर. नवख्या पोराला कळपाच्या शेपटाशी ठेवत, म्हणजे दिवसभर धूळच खायची. आचारी रात्री झोपण्याआधी गाडीचा धुरा ध्रुवताऱ्याकडे करून ठेवी, सकाळी आभाळ भरलेलं असलं तरी उत्तर कळावी म्हणून. रात्रीच्या राखणीला दोघे स्वार बसलेल्या कळपाभोवती उलटसुलट दिशेनं फेऱ्या घालत आणि गात राहत. गुरांना गाण्याची आवड होती असं काही नाही. शांततेत एखादी काडी मोडली, घोडा शिंकला, तरी कळप उठायचा. आवाज सतत चालू असला की ती दचकत नसत. भजनं, चावट गाणी, काहीही चाले. माझ्या मते काउबॉयच्या कवितेचं मूळ इथंच आहे, आणि 1985 पासून दर हिवाळ्यात नेवाडातल्या एल्को गावी जे कवितांचं संमेलन भरतं, तिथं आजही गुरांमागे राबणारी माणसं येऊन कविता म्हणतात.

थापांबद्दल विचारलंत तर टेक्सासातल्या वेदरफर्डच्या दफनभूमीतला बोस आयकार्डचा दगड वाचा. गुलामगिरीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय काउबॉय. त्याचा मालक, रँचवाला चार्ल्स गुडनाइट, त्याच्याकडे रोख रक्कम सांभाळायला द्यायचा. 1929 मध्ये आयकार्ड गेला, तेव्हा गुडनाइटनं दगडावर कोरून घेतलं, की चार वर्षं माझ्याबरोबर होता, कामात कधी अंग चोरलं नाही, किती तरी उधळणींत बरोबर घोडा घातला. सगळं आयुष्य, आणि शेवटी विशेषण एकच, 'उत्तम वर्तन'. सिनेमात मात्र असे कृष्णवर्णीय काउबॉय फार वर्षं क्वचितच दिसले. मला विचाराल तर गोळीबारापेक्षा मोठी थाप ही.

वीसेक वर्षांत खेळ आटोपला. 1874 ला जोसेफ ग्लिडनच्या काटेरी तारेचं पेटंट झालं आणि माळराना-माळरानावर कुंपणं पडली. 1886-87 च्या हिवाळ्यात उत्तरेकडची गुरं बर्फात हजारोंनी मेली. तिसरं कारण गोचीड. टेक्सासची गुरं स्वतः धडधाकट, पण त्यांच्या अंगावरच्या गोचिडांपायी वाटेतल्या शेतकऱ्यांची जनावरं तापानं मरत. 1885 मध्ये कॅन्ससनं त्यांना दारच बंद केलं. गोचीडच ताप पसरवते हे शास्त्रज्ञांनी छापून सिद्ध केलं ते 1893 ला.

मग किनारपट्टीच्या रँचवाल्यांनी गोचिडीला आणि उन्हाला दाद न देणारी गुरं शोधली, ती भारतात सापडली. 1906 मध्ये टेक्सासच्या पिअर्स रँचसाठी तिथून वळू आले. गीर, कांकरेज, ओंगोल आणि थोडं आपल्या कृष्णाकाठच्या गुरांचं रक्त मिळून जी अमेरिकन जात तयार झाली तिचं नाव ब्राह्मण. 1924 पासून तिची स्वतंत्र नोंदणी संस्था आहे. पाहुणे आले की मी त्यांना कुंपणापाशी नेऊन वशिंडाचा तो राखाडी वळू दाखवतो, ही सगळी हकीकत सांगतो. गोळीबारावर डोळे झाकून विश्वास ठेवणारी हीच मंडळी तेव्हा हसून म्हणतात, "चल, काहीही थापा मारू नकोस."