कोसबाड : बाईंनी सांगितलेली टेकडी

विरारला सकाळची डहाणू लोकल मिळाली, खिडकीही मिळाली. वैतरणेची खाडी ओलांडली की या गाडीचा नूरच पालटतो. गर्दी सैलावते, बाहेर कापणी झालेली भातखाचरं आणि ताडाची झाडं दिसू लागतात. समोरच्या बाकावर दोघी शिक्षिका मांडीवर वह्या घेऊन तपासत होत्या. पालघर येईपर्यंत एकीच्या संपल्या, तशा दुसरीने आपल्यातल्या निम्म्या न बोलता तिच्याकडे सरकवल्या. मला आमचं अध्यापक विद्यालय आठवलं. आठवणारच होतं म्हणा, कारण निघाले होते ते त्याच धाग्याने.

डी.एड.ला आमची चाळीस जणींची तुकडी होती आणि शिकवणारे सहा जण. त्यातल्या मानसशास्त्राच्या बाईंनी डहाणूजवळच्या कोसबाडचं नाव पहिल्यांदा आमच्या कानावर घातलं. बाई बुटक्या, आवाज बारीक, पण सराव पाठाला त्या वर्गात आल्या की हाताला घाम सुटायचा. त्या मागे खुर्चीवर बसत नसत. मुलांच्या रांगेत, सतरंजीवर मांडी घालून बसायच्या आणि निरीक्षण वहीत पेन्सिलीने लिहायच्या. लाल शाई त्यांनी दोन वर्षांत कधी वापरली नाही.

माझा दुसरीच्या वर्गावरचा मराठीचा पाठ होता. टाचण चोख, चित्रं मोठी, फळ्यावरचं अक्षर मनासारखं आलेलं. पाठ रंगला असं मला वाटलं. वही परत आली तेव्हा शेऱ्याच्या जागी एवढंच होतं : ‘दाराजवळची मुलगी. पूर्ण पाठात तुमच्याकडे दोनदा पाहिलं. बाकी वेळ बाहेर. का?’

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला विचारलं. तिचा धाकटा भाऊ बाहेर पायरीवर बसलेला असायचा. आई कामावर जायची, त्याला ठेवणार कुठे? मी बाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, “आता बस. तुला कोसबाडची गोष्ट सांगते.”

डहाणू रोडला उतरले. स्टेशनबाहेरून सीटवर चालणारी रिक्षा मिळाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिकूच्या वाड्या, गर्द आणि बुटक्या झाडांच्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पलीकडे बोर्डी, तिथला सुरूच्या झाडांचा किनारा. कोसबाडच्या कामाची खरी सुरुवात त्या बोर्डीतच झाली.

बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम झालं होतं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला होता, दादरचं शिशुविहार नावारूपाला आलं होतं. त्या वयात माणूस आवरायला घेतो. ताराबाईंनी खेड्यात जाऊन नव्याने मांडलं. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधनं खेड्यातल्या बालवाडीला परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, पानं, बिया हीच साधनं झाली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्ये आलं. तेव्हा ताराबाई पासष्टीला आल्या होत्या.

बोर्डीपासून त्यांच्या सोबत होत्या अनुताई वाघ. मोरगावात १९१० साली जन्म, तेराव्या वर्षी वैधव्य. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिका होऊन बाहेर पडल्या आणि पुण्यात हुजूरपागेत शिकवलं. बी.ए. झाल्या एक्कावन्नाव्या वर्षी, या टेकडीवर राहून, दिवसभराचं काम सांभाळून. आमच्या बाई हे सांगताना थांबायच्या आणि आमच्याकडे बघायच्या. आम्ही तेव्हा विशीतल्या. एक्कावन्न म्हणजे काय ते आम्हाला कुठलं कळायला. आज कळतं.

चढाच्या अलीकडेच रिक्षा सोडली आणि चालत निघाले. एका कुडाच्या घराची भिंत नुकती गेरूने सारवली होती, त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं अर्धीच झाली होती. नाचणाऱ्यांच्या फेरातली शेवटची चार माणसं अजून काढायची होती.

चालताना गणिताचे सर आठवले. फार बोलत नसत. वजाबाकीचा पाठ बसवताना ते स्वतः तिसरीतला मुलगा व्हायचे, खाली बसून म्हणायचे, “बाई, मला नाही कळलं.” आपण पुन्हा तेच, जरा मोठ्या आवाजात सांगितलं की तेही पुन्हा तेच. दशकाची जुडी सोडून दहा काड्या त्यांच्या हातात दिल्या तेव्हा कुठे ते उठले. समजावण्याची तिसरी वाट सापडेपर्यंत त्यांनी एकीलाही सोडलं नाही. हस्तकलेच्या बाई काडेपेटीचं रिकामं खोकंही टाकू देत नसत. आणि प्राचार्य रोज सकाळी फळ्यावर सुविचाराऐवजी एक प्रश्न लिहायचे.

कोसबाडची गोष्ट बाईंनी सांगितली ती अशी. मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण धाकटी भावंडं त्यांच्या कडेवर असतात. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात हवी. ती विकासवाडी. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची. ती अंगणवाडी. मुलगा गुरं चारायला जातो, तर गुरांमागे जायचं, माळावरच शिकवायचं. ती कुरणशाळा. आणि या कामासाठी लागणाऱ्या शिक्षिका शहरात नव्हे, इथेच, या मुलांमध्ये राहून तयार व्हायच्या. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. ताराबाई त्याआधी दोन वर्षं, १९७३ मध्ये गेल्या होत्या.

अनुताई गेल्या सप्टेंबर १९९२ मध्ये. आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. बातमी कळली त्या दिवशी बाईंनी फळ्यावर काही लिहिलं नाही, आम्हाला घेऊन शेजारच्या वस्तीत गेल्या आणि तासभर मुलांना गोष्टी सांगितल्या. परत येताना डोळे पुसत होत्या.

टेकडीवर वारा होता. वाटेतल्या पाड्यावर एका ओट्यावर पंधराएक मुलं जमली होती. अंगणवाडी सेविका मुलांच्या ओंजळीत तांब्याने पाणी घालून एकेकाचे हात धुऊन घेत होती, नखं बघत होती, आणि प्रत्येकाला नावाने हाक मारत होती. मग तिने एक डबा उपडा केला. चिकूच्या बिया. काळ्याभोर, गुळगुळीत, एका कडेला पांढरी रेघ असलेल्या. मुलं त्या रांगेत मांडू लागली. एका मुलाने पांढऱ्या रेघा सगळ्या एकाच बाजूला येतील अशा लावल्या, एक उलटी निघाली तशी हळूच फिरवली. कुणी सांगितलेलं नव्हतं. मी त्याच्याकडे किती वेळ बघत होते कोण जाणे.

ओट्याच्या कडेला एक दहा-अकरा वर्षांची मुलगी उभी होती. कडेवर तान्हं. सेविकेने बियांवरून नजर न हलवता चटई थोडी सरकवून जागा केली. मुलगी बसली, बाळाला मांडीवर घेतलं, आणि दुसऱ्या हाताने बिया पुढे ओढल्या.

परतीच्या गाडीत बाईंना फोन लावला. आता त्यांना ऐकू कमी येतं, पण कोसबाड हा शब्द लगेच ऐकू आला. टेकडी कशी आहे, काय काय पाहिलं, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

“दाराशी कोण होतं?” त्या म्हणाल्या.

मी सांगितलं.

“बसली का ती?”

“बसली, बाई.”