अक्षरे मोठी केली की झाले?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ज्येष्ठांना बाजारहाटात मदत करणारे ॲप बनवायचे तर अक्षरे मोठी केली की झाले, त्यासाठी महिनोन्‌महिने त्यांच्यासोबत दुकाने कशाला पालथी घालायची, असा हा प्रश्न आहे.

अक्षरे मोठी करावी लागतातच. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि निळ्या-हिरव्या छटा एकमेकींत मिसळू लागतात. म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक ठेवण्याचा जागतिक निकष आम्ही पाळतो. कोरड्या पडलेल्या बोटांचा स्पर्श फोनच्या पडद्याला नीट कळत नाही, हेही ध्यानात ठेवतो. मात्र एवढे सारे कार्यालयात बसून जमते.

गिरगावातल्या एका आजींबरोबर मी प्रथम वाण्याच्या दुकानात गेले, तेव्हा आमचे ॲप त्यांनी उघडलेच नाही. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पिशवी असताना, पुड्यावर कॅमेरा धरून किंमत वाचून घ्यायला तिसरा हात आणायचा कुठून, हे आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते. आम्ही फोन गळ्यात अडकवण्याची सोय केली, पुडा समोर धरून कडेचे एकच बटण दाबले की किंमत मोठ्याने वाचली जाईल असे केले, आणि आजींनी तेही नाकारले. "मला दिसत नाही हे साऱ्या दुकानाला कशाला ऐकवू?" असे त्या म्हणाल्या. त्या वाक्यावर मी आजही अडखळते, कारण तोवर आम्ही त्यांच्या डोळ्यांचा विचार केला होता, त्यांच्या मानाचा केला नव्हता.

उपाय त्यांच्याच सवयीत सापडला. आता बटण दाबून फोन कानाला लावायचा. किंमत फोनवर कोणी बोलावे तशी ऐकू येते आणि पाहणाऱ्याला त्यात काही वेगळे वाटत नाही. आयएसओ ९२४१-२१० हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते की, जे लोक एखादी वस्तू वापरणार त्यांना आराखड्याच्या सुरुवातीपासून सोबत घ्यावे, ते मला या दुकानात नीट समजले.

मुलगा सगळे घरपोच मागवून देऊ शकतो, हे आजींना ठाऊक आहे. तूरडाळ चिमटीत धरून बघितल्याशिवाय त्या घेत नाहीत, आणि मला तो हट्ट वाटत नाही.

मराठी आकड्यांनीही आम्हांला बरेच शिकवले. कमी ऐकू येणाऱ्याला एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत सहज गल्लत होते, म्हणून आमचा आवाज आता "एकोणऐंशी, सात नऊ" असे दोनदा सांगतो. तारखेचे कोडे अजून बाकी आहे: काही वेष्टनांवर पॅकिंगची तारीख आणि "इतक्या महिन्यांत वापरावे" एवढेच छापलेले असते. ती बेरीज आजींवर न सोपवता शेवटचा दिवस थेट त्यांच्या कानात सांगणे, हे सध्या हातातले काम आहे.