कनवटीला जेल

नोव्हेंबर उजाडला की आमच्या रनिंग ग्रुपवर एकच विषय सुरू होतो, कुठलं जेल घेऊ. जेल म्हणजे लांब पळताना ताकदीसाठी खायचा, छोट्या पाकिटातला गोड घट्ट पाक. मग युनिव्हेड की फास्ट अँड अप की कोणाच्या भावाने बाहेरून आणलेलं मॉर्टेन, चव कशी, कॅफीनवालं घ्यावं का, यावर दोन-दोन दिवस मेसेज चालतात. पण ती पाच-सहा पाकिटं अंगावर ठेवायची कुठे हे कोणी विचारत नाही. आणि मला मनापासून वाटतं की पहिल्यांदा फुल मॅरेथॉन पळणाऱ्याने, त्यातून बाईने तर नक्कीच, आधी ते ठरवावं आणि मग जेल विकत घ्यावीत. मी उलटं केलं होतं म्हणून एवढं लिहितेय.

2023 ची मुंबई मॅरेथॉन, 15 जानेवारी, माझी पहिली फुल. मला पाच तासांच्या आसपास लागणार हे माहीत होतं, दर पाऊण तासाला एक जेल, म्हणजे सहा, त्यातली पाच माझ्या अंगावर. कंबरेला एक बेल्ट घेतला होता ज्याला बाहेरून इलॅस्टिकचे लूप असतात, त्यात जेल खोचायची. तो बांधून ठाण्यात उपवनला दोनदा पळाले पण होते, फक्त तेव्हा त्यात दोनच जेल होती आणि अंतर बारा किलोमीटर. पाच जेल लावून तीस किलोमीटर पळून बघायला पाहिजे होतं ते नाही केलं. घामाने इलॅस्टिक ओलं झालं की ते सैल पडतं, आणि जड झालेला बेल्ट हळूहळू फिरत फिरत मागे जातो, म्हणजे जेल पाठीमागे, दिसत नाहीत, हाताला नीट लागत नाहीत.

सीएसएमटीहून निघालो तेव्हा अंधारच होता. पहिलं जेल मरीन ड्राइव्हच्या शेवटाला घेतलं, दुसरं वरळीला, सगळं ठरल्याप्रमाणे. एरवी जिथे पायी जायलाच बंदी आहे त्या सी लिंकवरून पळताना तर इतका आनंद झाला होता की पायांची आठवणच नव्हती. सी लिंक उतरून माहीमकडे येताना तिसऱ्यासाठी हात मागे नेला तर तीनऐवजी एकच पाकीट. दोन कुठे पडली देव जाणे, कळलंसुद्धा नाही. ते एक खाल्लं आणि निम्मी शर्यत बाकी असताना माझ्याकडचं सगळं संपलं.

सहावं जेल नवऱ्याकडे होतं. तो पहाटेच्या लोकलने महालक्ष्मीला उतरून चालत हाजीअलीला येणार, परतीच्या वाटेवर मी त्याच्याकडून घेणार असं ठरलं होतं. तो आला होता, वेळेवर आला होता, पण ज्या बाजूला उभा होता तिथून मी गेलेच नाही, मधे एवढी माणसं, ढोल, बॅनर, मी त्याला शोधतेय तो मला शोधतोय आणि मी पुढे निघून गेले. पेडर रोडचा चढ आपल्याला पस्तिसाव्या किलोमीटरनंतर लागतो, तिथे पाय थांबले. दमणं वेगळं आणि हे वेगळं. हात गार पडले, समोरच्या कमानीवर लिहिलेला आकडा वाचता येईना, आणि कारण नसताना रडायला येत होतं. एका बिल्डिंगच्या गेटपाशी एक आजी-आजोबा स्टीलच्या डब्यात संत्र्याच्या फोडी आणि चिक्की घेऊन उभे होते, त्यांच्याकडून दोन फोडी आणि चिक्कीचा तुकडा घेतला आणि चालत चालत शेवटपर्यंत गेले. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

असं का होतं ते नंतर नीट समजून घेतलं. आपल्या स्नायूंत आणि लिव्हरमध्ये मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, असतं, म्हणजे ढोबळ 2000 कॅलरी, आणि 42.195 किलोमीटरला त्याहून जास्त खर्च होतात. चरबी भरपूर असते पण ती हळू जळते, आणि मेंदूला ग्लुकोजच लागतं, म्हणून आधी डोकं बंद पडल्यासारखं होतं. एका जेलमध्ये बहुतेक 22 ते 25 ग्रॅम कार्ब्ज. तासाला 30 ते 60 ग्रॅम घ्यावेत असं सर्वसाधारणपणे सांगतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असेल तर आतड्यात दोघांच्या वाटा वेगळ्या असल्यामुळे सवय केलेले लोक 90 पर्यंतसुद्धा जातात. मी दर पाऊण तासाला एक जेल या हिशोबाने तासाला जास्तीत जास्त 33 वरच होते, म्हणजे आधीच काठावर, त्यातून दोन गेली. आणि ही खाण्याची गोष्ट उशिरा करून चालत नाही, आतून रिकामं वाटायला लागल्यावर घेतलेलं जेल कामाला येईपर्यंत वेळ जातो, शिवाय तोवर पोट काही घ्यायला तयार नसतं.

एलिट धावपटूंचं बरंय, त्यांच्या बाटल्या टेबलावर मांडलेल्या असतात. 2018 ला बर्लिन मॅरेथॉनमध्ये केनियाच्या किपचोगेने 2:01:39 चा विश्वविक्रम केला तेव्हा त्याला बाटल्या हातात द्यायला क्लाउस-हेनिंग शुल्के नावाचे गृहस्थ होते, प्रत्येक बाटली दिल्यावर ते स्वतःच इतके खूश होऊन नाचायचे की ते व्हिडिओ मी कितीदा पाहिलेत. दोन तासांत येणाऱ्याला बाटली हातात मिळते आणि पाच तास रस्त्यावर असणाऱ्याला सगळं अंगावर वागवायचं असतं, म्हणून आपल्याला याचा जास्त विचार करायला हवा.

मग त्या वर्षभरात लाँग रनला मी सगळं करून पाहिलं. बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरच्या, पिना कंबरपट्टीला लावून त्यात जेल आतल्या बाजूला लटकवणं हा जुना उपाय आहे आणि खरंच चांगला आहे, पाकिटाची जी फाडायची टोपी असते तिच्या कडेतून पीन घालायची, मग जेल ओढलं की टोपी कपड्यालाच राहते आणि तोंड उघडतं. रस्त्यावर कचराही पडत नाही. पण पीन जरा खाली लागली तर पाकिटाला भोक पडून मांडी चिकट होते, आणि पंचवीस किलोमीटरनंतर फॉइलचे कोपरे कातडीला कापतात. त्यावर मायक्रोपोर टेपचा छोटा तुकडा कोपऱ्यावर लावायचा, मेडिकलमध्ये मिळते ती साधी. हाफ टाइट्सच्या बाजूच्या खिशात मोबाइल आणि जेल एकत्र ठेवलं की पाचव्या किलोमीटरपासून टाइट्स वर ओढत पळावं लागतं. स्पोर्ट्स ब्रामध्ये बऱ्याच जणी ठेवतात, मला तिथे घासलं आणि जेल गरम होऊन पाण्यासारखं झालं. सगळी जेल एका सॉफ्ट फ्लास्कमध्ये, म्हणजे दाबता येणाऱ्या मऊ बाटलीत, पिळून पाणी घालून न्यायचा प्रयोगही केला, पण किती घोट म्हणजे एक जेल याचा अंदाज येईना.

वजनाचंही बघा. साधं जेल 32 ते 40 ग्रॅम, पण आयसोटोनिक, म्हणजे जे पाण्याशिवाय चालतं, ते 60 मिलीचं असतं. पाच म्हणजे तीनशे ग्रॅमच्या वर, एका बुटापेक्षा जास्त वजन कंबरेला. मी घट्ट जेलच घेते आणि पाण्याचं टेबल दिसलं की शंभर मीटर आधी ते उघडते. पाण्याशिवाय घेतलं तर ते पोटात नुसतं बसून राहतं, मळमळतं.

शेवटी उपाय निघाला तो घरातूनच. माझी आजी नऊवारी नेसायची, पैसे कनवटीला, आणि कमरेवर घागर असो की कडेवर मूल, तिचं काही कधी पडलं नाही, कारण ते अंगाला घट्ट लागून असायचं, बाहेर लटकत नसायचं. एक दिवस ट्रेनिंगहून येताना हेच डोक्यात आलं आणि एक टाइट्स घेऊन नौपाड्यात आमच्या ब्लाउजवाल्या शिंपीकाकांकडे गेले. त्यांना जेलचं पाकीट दाखवलं, त्यांनी हातात घेऊन वाकवून बघितलं आणि म्हणाले, "ताई, चोरखिसे करू, पण सरळ शिलाई नको, ताणलं की धागा तुटेल, झिगझॅग मारतो." जुन्या टाइट्सच्या कापडाचे सहा खिसे, कंबरपट्टीच्या आत, वरून झाप. दोन पुढे, दोन बाजूंना, दोन मागे पण मणक्यावर नाही. दीडशे रुपये घेतले.

त्यात बत्तीस किलोमीटर पळाले, घोडबंदरला, सहाच्या सहा भरून. काही हललं नाही. तेव्हाच ठरवलं की एकदा डावीकडचं एकदा उजवीकडचं घ्यायचं म्हणजे वजन सारखं राहतं, मागची दोन आधी संपवायची कारण नंतर हात मागे वळवायचा पण कंटाळा येतो, आणि रिकामं पाकीट परत त्याच खिशात, छोट्या झिपलॉकमध्ये.

21 जानेवारी 2024, परत मुंबई मॅरेथॉन. हाजीअलीला, परतीच्या वाटेवर, पाचवं जेल पुढच्या डाव्या खिशातून न बघता काढलं, दोन घोट पाणी प्यायले आणि पेडर रोड न थांबता चढले. 4 तास 48 मिनिटं. ते आजी-आजोबा दिसतात का बघत होते, या वेळी नव्हते, निदान मला तरी दिसले नाहीत.

शिंपीकाकांकडे आता ग्रुपमधल्या तिघींच्या टाइट्स पडल्यात. दिवाळीच्या ब्लाउजांमुळे त्यांनी पंधरा दिवस मागितलेत, म्हणजे ज्यांना यंदा जानेवारीत पळायचंय त्यांनी आत्ताच द्या, लाँग रनमध्ये दोन-तीनदा तरी वापरून बघायला हवं.