बंद खाणीतलं पाणी आणि पिवळी पडलेली बादली

खाण बंद झाली की तिथलं काम संपतं, असं मलाही वाटायचं. कोळशाचा शेवटचा टब वर आला, खालचे पंप काढले, इनक्लाईनचं, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या तिरक्या वाटेचं, तोंड विटांनी बुजवलं आणि सर्व्हे विभागातल्या मला ‘पाण्यावर लक्ष ठेवा’ म्हणून सांगण्यात आलं. सोबतचे म्हणाले, नशीबवान आहेस, आरामाची ड्यूटी मिळाली.

ही गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यातली. आमच्याकडे कोळशाच्या थरांवर कामठी वालुकाश्म आहे आणि तो पाण्याने गच्च भरलेला असतो. खाण चालू असताना पंप रात्रंदिवस चालायचे ते त्याच्यामुळेच. पंप थांबले म्हणून पाझर थोडाच थांबतो? रिकाम्या गॅलऱ्या, म्हणजे कोळसा काढून झालेले बोगदे, हळूहळू भरायला लागल्या. त्या नुसत्या भरल्या असत्या तर कुणाला पर्वा नव्हती, पण खालच्या अंगाला दुसरी खाण चालू होती. दोन्हींच्या मध्ये होता तो न काढलेल्या कोळशाचा पट्टा, आमच्या भाषेत बॅरियर. पाणी दहा मीटर चढलं की त्या पट्ट्यावर दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो दाब वाढतो. धनबादजवळच्या चासनाल्यात 27 डिसेंबर 1975 ला जुन्या कामातलं, म्हणजे आधी कोळसा काढून सोडून दिलेल्या भागातलं, साचलेलं पाणी फुटून चालू खाणीत घुसलं आणि 375 माणसं गेली. पाणी भरलेल्या जुन्या कामापासून 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही, हा नियम आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. शाफ्टच्या, म्हणजे खाणीत सरळ उतरणाऱ्या उभ्या विहिरीच्या, तोंडाशी पाण्याची खोली मोजायला टेप सोडताना मात्र तो वेगळाच आठवतो.

टेप म्हणजे बझरवाली. टोकाला पाणी लागलं की वर आवाज येतो. पहिल्याच दिवशी 31 मीटरवर बझर वाजला, मी आकडा लिहिला आणि निघालो. पुढच्या खेपेला 52! पाणी उतरलं तरी कुठे? बॅरियर फुटला की काय, या विचाराने मला घाम फुटला. नंतर लक्षात आलं, शाफ्टच्या भिंतीवरून पाझर गळत होता आणि त्याच्या ओलीनेच पहिल्या दिवशी बझर वाजला होता. तेव्हापासून टेप दोन-तीनदा वरखाली करून एकच आकडा आला तरच तो वहीत जातो. आणि तोंडाशी वाकण्याआधी गॅस तपासायचा. खाली पाणी चढतं तशी ते आतली हवा वर ढकलतं. त्या हवेत ऑक्सिजन कमी असतो, कधी मिथेनही असतो. उघड्यावर आहे म्हणून बिनधास्त राहण्याची ती जागा नाही.

मग आलेख काढायला घेतला. एका पंधरवड्यात पाणी चार मीटर चढलं, पुढच्यात जेमतेम चाळीस सेंटीमीटर. साहेब म्हणाले, टेप बिघडली. टेप ठीक होती. जुना नकाशा पसरून बघितला तर पाणी अरुंद गॅलऱ्यांतून रुंद पॅनेलमध्ये, म्हणजे कोळसा काढलेल्या मोठ्या पट्ट्यात, पोचलं होतं. चाळीस हेक्टर काम, अडीच मीटर उंची, त्यातला तीस टक्के कोळसा काढलेला, म्हणजे तीन लाख घनमीटर पोकळी. ती भरायला वेळ लागणारच. छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे खांब, म्हणजे पिलर, काढून छत पाडलेल्या भागात किती पोकळी उरते, हे मात्र अंदाजावरच सोडावं लागतं. शिवाय त्या नकाशातल्या उंच्या समुद्रसपाटीपासूनच्या नव्हत्या, खाणीने स्वतःच मानलेल्या एका खुणेपासूनच्या होत्या. ती खूण शोधण्यात आठवडा गेला. शेजारच्या खाणीच्या आकड्यांशी ताळमेळ बसेना, तेव्हा कुठे ही भानगड कळली.

सगळा हिशोब जुळल्यावर ठरलं की पाणी एका ठरावीक पातळीच्या वर जाऊ द्यायचं नाही. शाफ्टमध्ये सबमर्सिबल पंप सोडायचा आणि पाणी नाल्यात द्यायचं. त्याआधी तपासणी. मी प्लास्टिकच्या बाटल्या भरून प्रयोगशाळेला पाठवल्या. अहवाल छान आला, लोह अगदी कमी. पंप चालू झाला आणि कडेच्या शेतकऱ्याने बादलीभर पाणी नेलं. दुसऱ्या दिवशी बादली घेऊनच हजर.

“साहेब, काल पाणी काचेवानी होतं. रातभरात हे पिवळं काऊन पडलं जी?”

उत्तर माझ्या बाटल्यांमध्येच होतं. खाली हवा नसते, त्यामुळे लोह पाण्यात विरघळलेलं राहतं आणि पाणी नितळ दिसतं. वर आलं, हवा लागली की ते गंजासारखं साकळून खाली बसतं. माझ्या बाटल्यांतही वाटेतच तेच झालं होतं आणि प्रयोगशाळेने वरचं स्वच्छ पाणी मोजलं. लोहासाठीची बाटली भरताक्षणीच त्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकायचे असतात, म्हणजे लोह बसत नाही. मी ते टाकलेच नव्हते. शिवाय नमुनाही पृष्ठभागाचा घेतला होता. शाफ्टमध्ये वर ताजं पाझराचं पाणी असतं आणि खाली खनिजांनी जड झालेलं. पंप चोखत होता ते खालचं.

पंप थोडा वर घेतला. पाणी थेट नाल्यात न सोडता आधी दगडी पायऱ्यांवरून आपटत आणलं, मग दोन टाक्यांत निवळू दिलं. पहिल्या टाकीच्या तळाशी पिवळा गाळ बसतो, तो उपसावा लागतो आणि उपशाचं टेंडर वेळेवर निघत नाही, हे वेगळं रडगाणं. खाण नव्याने भरते तेव्हा भिंतींवर साचलेले क्षार एकदम धुऊन निघतात, त्यामुळे सुरुवातीचं पाणी सगळ्यांत वाईट असतं. पुढे पुढे आकडे उतरले.

2022 च्या ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खाण होती. त्यानंतर आमच्या खाणीजवळच्या गावातल्या बायका मला अडवून विचारायच्या, आमच्याखाली किती पाणी आहे, ते खांब पोखरतं का? आमचं काम घरांखालून नव्हे, शेतांखालून गेलेलं. तरी मी नकाशा त्यांच्या अंगणात उघडायचो, पेन्सिलीने दाखवायचो. घर नकाशाच्या बाहेर पडलं की चहा यायचा.

त्या शेतकऱ्याने टाकीतलं पाणी कपाशीला लावलं. घरात मात्र नेत नाही. म्हणतो, यात डाळ शिजत नाही.