जहांगीरला जाऊन आलीस वाटतं

परवा संध्याकाळी मंदाताई डबा परत द्यायला आली आणि नेहमीप्रमाणे आधी गच्चीवरच्या खोलीत डोकावली. बोर्डवर खिडकीचं चित्र होतं, अजून पुरतं सुकलेलं नव्हतं. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, दोन पावलं मागे गेली, पुन्हा पुढे आली आणि म्हणाली, "जहांगीरला जाऊन आलीस वाटतं." बस, एवढंच. मग सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटबद्दल बोलली, चहा घेतला आणि गेली.

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. मंदाताईला काही म्हणायचं असेल तर ती तोंडावर म्हणते. तरी ते वाक्य तेव्हापासून मनातून हलत नाही. बाबांना रात्रीची गोळी देताना तेच, सकाळी दूध तापवताना तेच. मी खरंच मुंबईच्या जहांगीर कलादालनात जाऊन आले होते. पण तिला सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे ते तिला चित्रात दिसलं. कुठे दिसलं? आणि दिसलं तर दिसलं, मला ते इतकं का लागावं?

लिहूनच बघते.

दादा बाबांजवळ थांबायला तयार झाला म्हणून जाणं जमलं. डेक्कन क्वीन, मग सीएसएमटीपासून फोर्टमधून चालत काळा घोडा. जहांगीरची दारं अकराला उघडतात, मी आधीच पोचते आणि फुटपाथवरच्या चित्रकारांची चित्रं बघत वेळ काढते. आत समोवार हे कॅफे होतं तोवर पाय दुखले की तिथे बसता यायचं. २०१५ साली ते बंद झालं, आता बाहेरच्या पायऱ्याच. पण मला अजून त्या वास्तूत शिरताना छातीत काहीतरी होतं. १९५२ पासून तिथे भिंती रिकाम्या होतायत आणि भरतायत. आज जे टांगलंय ते पुढच्या आठवड्यात तिथे नसणार, म्हणून नीट बघून घ्यायचं. तिकीट नाही, कुणी हटकत नाही. ऑफिसच्या मधल्या सुट्टीत दहा मिनिटं येऊन जाणारी माणसं दिसतात, ती मला फार आवडतात.

आतल्या एका दालनात एका तरुण मुलाची चित्रं होती. नगरकडचा. ओल येऊन पोपडे धरलेल्या भिंती, एवढाच विषय. मी समोरून पाहिली आणि मग सवयीनं कडेनं पाहिली. आम्ही चित्रकार मंडळी हे करतोच. कॅनव्हास चौकटीवर कसा ताणलाय, बाजूच्या पट्टीवर रंग कुठे थांबलाय, कोपरा कसा दुमडलाय. चित्र कोणत्या क्रमानं झालं ते कडेला कळतं. त्याच्या भिंती समोरून राखाडी, शेवाळी, मध्येच चुन्याचा पांढरा. बाजूची पट्टी मात्र सगळीकडे तांबडी. बर्न्ट सिएना, त्यात थोडा लाल. ते पाहून पुन्हा समोर आले तर तो तांबडा समोरही होता! पोपड्याच्या कडेला, केसाएवढ्या रेघेत. त्यानंच त्या राखाडीला ऊब आली होती. तो नसता तर भिंत मेली असती.

मी विचारलं तर तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. "मॅडम, आधी अख्खा कॅनव्हास तांबडा करून टाकतो. पांढऱ्यावर सुरुवात करायची भीती वाटते. मग झाकत जायचं. पण सगळा नाही झाकायचा." इतकं सरळ सांगितलं. किती पातळ, किती वेळा, सगळं. मग स्वतःचं कार्ड दिलं.

शेजारच्या दालनात चित्रांखाली लाल टिकल्याच टिकल्या होत्या, म्हणजे विकली गेलेली चित्रं. त्याच्याकडे एकही नव्हती. त्याबद्दल आज नको.

बाबांच्या खोलीची खिडकी दिवाळीपासून चालू आहे. दुपारची. गज, अर्धा पडदा, पलीकडे शेजारच्या इमारतीची भिंत. सगळी चित्रं राखाडीत अडकून पडली होती. बरोबर होती, पण दुपार त्यांत नव्हती. मुंबईहून परतले त्या रात्रीच हातकागदाचा जाड ताव भिजवून बोर्डवर गमटेपनं ताणला. सकाळी तो ढोलासारखा वाजत होता. त्यावर अख्खा तांबडा दिला. मी असं कधीच केलेलं नव्हतं. मी जलरंगातून आलेली, कागदाचा पांढरा जपायचा ही पहिली शिकवण. तो पांढरा एका हातात बुजवून टाकला तेव्हा पोटात खड्डा पडला. मग वरून राखाडी. गजांच्या जागी तो राखाडी अर्धवट सुकलेला असताना ब्लेडनं वरपासून खालपर्यंत ओढला. खालचा तांबडा उघडा पडला आणि समोर उन्हात तापलेला गज उभा राहिला. हात लावला तर चटका बसेल असा.

मी त्या दिवशी जेवायचं विसरले.

आणि मग मंदाताईचं ते वाक्य.

मला वाटतं मला लागलं ते हे, की त्या चित्रात जे जिवंत आहे ते नेमकं दुसऱ्याचं निघालं. इतके महिने मी त्या खिडकीपुढे बसतेय. गजांवरचा गंज मला तोंडपाठ आहे. पडद्याची कोणती घडी दुपारी तीनला कुठे येते ते सांगू शकेन. एवढं करून चित्र उभं राहिलं ते एका पोराच्या युक्तीनं, जी त्यानं मला फुकट सांगितली. मग माझं काय त्यात? माझी ती नुसती हजेरी का? या वयात अजून कुणाच्या तरी भिंतीवरून उचलूनच आणायचं असेल तर इतकी वर्षं केलं काय? जहांगीरच्या तारखेसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि तारीख आली की तिथे काय लावायचं, जाऊन आल्याच्या खुणा?

रात्री हे सगळं फार खरं वाटत होतं.

पडल्यापडल्या चित्रकार वासुदेव गायतोंड्यांची आठवण झाली. बरोबरी करत नाहीये. पण १९६४ साली ते शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी अमेरिकन चित्रकार रॉथ्को पाहिला, आणि तेव्हापासून त्यांच्या चित्रासमोर उभं राहून कुणी ना कुणी रॉथ्कोचं नाव काढतंच. वास्तविक ओळखीचे आकार त्यांनी त्याच्या कितीतरी आधी, मुंबईतच सोडून दिले होते. रोलरनं रंग पसरायचा, नाइफनं काढायचा, थरावर थर, हा त्यांचा स्वतःचा रस्ता. आणि त्याच्याही आधीच्या चित्रांत युरोपातला चित्रकार पॉल क्ले अगदी उघड दिसतो. म्हणजे एकीकडे घेतलेलं आहे आणि दुसरीकडे न घेतलेलंही लोकांनी घेतलं असं धरलं आहे. त्यांना कधी याचं काही वाटलं असेल का? वर्षाला मोजके कॅनव्हास करणारा, महिनोन्महिने नुसता बसून असणारा माणूस. वाटलं असलं तरी बोलायला गेला नसता.

आणि नक्कल म्हणायची तर आपल्याकडचं सगळं शिक्षणच त्यावर उभं आहे. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतले शिक्षक ग्रिफिथ्स तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जायचे, १८७२ ते १८८५. अंधाऱ्या लेण्यांत ती मुलं भिंतीवरच्या रेषा कॅनव्हासवर उतरवत होती. त्यातली कितीतरी कामं पुढे लंडनच्या आगीत गेली. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं वर्षानुवर्षं खपून केलेल्या प्रतिकृतीही १८६६ साली लंडनमध्येच, दुसऱ्या एका आगीत जळाल्या. चित्रं गेली, पण ज्या मुलांच्या बोटांतून ती रेषा एकदा गेली त्यांच्या बोटांतून ती कोण काढून घेणार होतं? अजिंठ्याच्या भिंतीवरच्या पद्मपाणीच्या भुवईची रेष ज्यानं उतरवली त्यानं पुढे घरच्या बाईमाणसाचं चित्र काढलं असेल तेव्हा ती भुवई त्याची होती की अजिंठ्याची?

मी स्वतः पाहिलेलं पहिलं प्रदर्शन म्हणजे औंध. शाळेची सहल होती, यमाईच्या डोंगरावर. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्र काढणारे राजे. १९३८ साली त्यांनी ते संग्रहालय उघडलं. रविवर्म्याची चित्रं, आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मूल हे शिल्प. सातारा जिल्ह्यातल्या डोंगरावर हेन्री मूर आहे हे अजूनही कित्येकांना पटत नाही. मला तेव्हा मूर कोण ते ठाऊक नव्हतं. बाई "चला, चला" करत होत्या आणि मी तिथून हलत नव्हते. दगड आहे, पण आई कुठे संपते आणि मूल कुठे सुरू होतं ते दिसत नाही, एवढंच कळलं. घरी येऊन कपड्याच्या साबणाच्या वडीवर भाजीच्या सुरीनं आई-मूल कोरलं. आईनं ती वडी धुण्याला कधी वापरली नाही, ट्रंकेत ठेवली. ट्रंक अजून आहे.

आईचंही आज नको.

तेव्हा कुणी विचारलं नाही की हे कुणाचं बघून केलंस. मीही विचारलं नाही स्वतःला.

आणि एकदा उलटंही झालंय. २०१९ साली मुंबईच्या एनजीएमएत, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, चित्रकार प्रभाकर बरव्यांचं मोठं प्रदर्शन होतं तेव्हाचं. ते अर्धगोल जिने चढत एकेक मजला वर जायचं, आणि प्रत्येक मजल्यावर ती चित्रं. दाराखिडक्यांना लावतो तसला एनॅमल रंग, आणि त्यात पान, घड्याळ, शंख. छापील चित्रांत बरवे सपाट दिसतात. समोर उभं राहिल्यावर रंगाची चकाकी दिसते, आपणच त्यात पुसट दिसायला लागतो. मी खाली उतरले तेव्हा बोलता येत नव्हतं. घरी आले आणि हातच थांबला. ब्रश धरवेना. जे काढीन ते त्यांच्यापुढे पोरकट वाटे. किती दिवस तसं चाललं ते आठवतही नाही नीट. पुढे पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या ओट्याची चित्रं केली, कप आणि किसणी, आणि दोघांच्यामध्ये बरीच मोकळी जागा सोडली. पूर्वी मी कधी जागा सोडत नसे, भरून टाकत असे. ती जागा बरव्यांकडून आली हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्या चित्रांना कुणी "जाऊन आलीस वाटतं" म्हटलं नाही. मंदाताईसुद्धा नाही. पान नव्हतं, शंख नव्हता, म्हणून ओळखू आलं नाही.

मग फरक एवढाच का, की तेव्हाचं मुरलेलं होतं आणि हे ताजं आहे? ताजं असलं म्हणून ते कमी माझं कसं?

आज दुपारी तीनला मुद्दाम बाबांच्या खोलीत जाऊन बसले. ते झोपले होते. खिडकीकडे बघत राहिले. मग वर येऊन चित्र पाहिलं. आणि मला दिसलं की त्या मुलाच्या चित्रात तांबडा झाकल्यातून उरलेला आहे. तो झाकत जातो आणि थांबतो. मी झाकलं आणि मग खरवडून काढलं. त्याचा तांबडा जुना आहे, चुन्याखाली राहिलेला. माझा तांबडा आत्ताचा, तापलेला. ब्लेड त्यानं सांगितलेलं नव्हतं. ब्लेड गजांनी सांगितलं. इतके महिने तिथे बसले नसते तर गज तापलेत हे कळलंच नसतं, मग कितीही तांबडा पसरला असता तरी काय उपयोग होता?

हे लिहिताना जरा बरं वाटतंय. हे मनाची समजूत म्हणून लिहीत नाहीये, चित्र समोर ठेवून लिहितेय.

आणखी एक आठवलं. बालगंधर्वच्या कलादालनात माझी चित्रं लागली होती तेव्हा एक कॉलेजची मुलगी बराच वेळ एका चित्राच्या कोपऱ्यात नाक घालून उभी होती. कडेचे तंतू बघत होती. मी जवळ गेले तर दचकली, मग म्हणाली, "काकू, हा कागद कुठला?" मी तिला हातकागद संस्थेचा पत्ता लिहून दिला. चिंध्यांपासून कसा करतात ते सांगितलं, पाणी जास्त झालं तर लव सुटते तेही सांगितलं. त्या दिवशी एकही चित्र विकलं गेलं नव्हतं आणि तरी मी घरी गाणं म्हणत आले होते. तिच्या चित्रात माझा कागद दिसला तर मला राग येईल? मी तर ते चित्र बघायला धावत जाईन.

त्या मुलाच्या चेहऱ्यावर, तो खुर्चीवरून उठला तेव्हा, तसंच काहीतरी होतं. तेव्हा मी तांबड्याकडेच बघत होते.

तांबडी पट्टी कडेला तशीच ठेवतेय, मापून कापणार नाही. उजवीकडे खालचा पडदा जड झालाय, तिथला राखाडी उद्या ओल्या फडक्यानं उतरवायचा, उतरला तर. दुसऱ्या तावावर मात्र खालचा थर ब्लेडबरोबर सुटतोय, कागदाची लवही निघतेय. त्या मुलाचं प्रदर्शन सोमवारी उतरेल. मंगळवारी त्याला फोन करणार आहे. तांबडा वाळायला किती दिवस देतो ते विचारायचंय, आणि तुझा तांबडा माझ्या खिडकीत आलाय हेही सांगायचंय.