रिकॉल 2011 चा, नळी बदलली 2022 मध्ये : माझा अनुभव

"गाडी पंधरा वर्षांपेक्षा जुनी आहे, त्यामुळे हे काम फुकटात होणार नाही." हे काम म्हणजे रिकॉलखाली माझ्या गाडीच्या तेलाच्या नळ्या बदलणं. रिकॉल म्हणजे गाडीत सुरक्षेचा दोष निघाला की कंपनीने ती परत बोलावून दुरुस्त करून देणं. वरचं वाक्य मी 2022 च्या उन्हाळ्यात चार वेळा ऐकलं. दोनदा फोनवर, एकदा ईमेलमध्ये आणि एकदा काउंटरवर समोरासमोर. चारही वेळा ते चूक होतं, आणि ते चूक आहे हे सिद्ध करण्यात माझे तीन महिने गेले. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

मी ह्यूस्टनला राहतो. गाडी 2005 ची, ब्रिटनमधल्या एका लहान कारखान्यात बनलेली. दोनच सीट, इंजिन सीटच्या मागे, वजन जेमतेम 900 किलो. याच गाडीच्या पहिल्या पिढीचा मासिकातून कापलेला फोटो नाशिकला हॉस्टेलमध्ये माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. ऑक्टोबर 2021 मध्ये ती मी सेकंडहँड घेतली. मी तिचा तिसरा मालक.

जानेवारीत रविवारी सकाळी आमच्यासारख्या गाड्यांचे आठ-दहा मालक एका पार्किंगमध्ये जमले होते. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी चाकाजवळ वाकून बघत विचारलं, "तुझ्या ऑइल कूलरच्या नळ्या बदलल्यात ना?" मला काहीच माहीत नव्हतं. त्यांनी समजावलं ते असं. इंजिन मागे असलं तरी त्याचं तेल थंड करणारे कूलर गाडीच्या नाकात, पुढच्या चाकांपाशी आहेत. तेल मागून पुढे आणि पुढून मागे लांबलचक रबरी नळ्यांतून फिरतं. नळीच्या टोकाला धातूचा जोड दाबून बसवलेला असतो. तो सैल पडला तर नळी जोडातून निसटते, दाबाखालचं तेल उडतं आणि मागच्या टायरवर येतं. वळणावर मागच्या टायरखाली तेल आलं, तर या वजनाची गाडी सावरायला वेळच मिळत नाही. तेल तापलेल्या भागावर पडलं तर आगीची भीती वेगळीच. यावर 2011 मध्ये रिकॉल निघाला होता.

घरी येऊन लगेच एनएचटीएसएच्या, म्हणजे अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर व्हिन नंबर टाकला. व्हिन म्हणजे आपण ज्याला चेसिस नंबर म्हणतो तो, 17 अक्षरी. उत्तर आलं : दुरुस्ती बाकी असलेले रिकॉल, शून्य. मी निश्चिंत झालो. आधीच्या मालकाने काम करून घेतलं असणार असं धरून चाललो. पुढचे चार महिने ती गाडी चालवली. मुलाला शेजारी बसवून दोनदा गॅल्व्हेस्टनच्या समुद्रावर जाऊन आलो.

मे महिन्यात गॅरेजच्या फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग दिसला तेव्हा पुन्हा त्याच पानावर गेलो आणि या वेळी खालचा बारीक मजकूर वाचला. तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे की लहान उत्पादकांचे रिकॉल या शोधात दिसतीलच असं नाही. व्हिनवरून शोधण्याची सोय देण्याची सक्ती वर्षाला 25,000 किंवा जास्त मोटारगाड्या बनवणाऱ्या कंपन्यांवरच आहे. माझ्या गाडीचा कारखाना त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय पंधरा वर्षांपेक्षा जुने रिकॉलही त्यात दिसतीलच याची खात्री नसते. म्हणजे माझ्या पडद्यावरच्या त्या शून्याचा अर्थ "काम झालेलं आहे" असा कधीच नव्हता. मुलगा शेजारी बसलेला आठवला आणि पोटात गोळा आला. ज्यांच्याकडे अशी कमी संख्येने बनलेली गाडी आहे, त्यांनी त्या शून्यावर विसंबू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

त्याच संकेतस्थळावर व्हिनऐवजी वर्ष, कंपनी आणि मॉडेल टाकून शोधलं की मात्र रिकॉलची यादी येते आणि तिच्याखाली मूळ कागद असतात : कंपनीने खात्याला दिलेला दोषाचा अहवाल, मालकांना पाठवलेलं पत्र, डीलरसाठीच्या सूचना. ते सगळे उतरवून घ्या आणि मोहिमेचा नंबर, म्हणजे त्या रिकॉलला दिलेला क्रमांक, पाठ करा. नंबरातले पहिले दोन आकडे वर्षाचे, त्यानंतरचं व्ही हे अक्षर वाहनासाठी. काउंटरवर "अहो, नळ्यांचा तो रिकॉल" असं म्हणणं आणि नंबर सांगणं यात फार फरक पडतो.

पत्र मला का आलं नाही? ते 2011 मध्ये त्या वेळच्या नोंदणीवरच्या पत्त्यावर गेलं असणार, आणि गाडी तेव्हा दुसऱ्या राज्यात होती. ज्या वापरलेल्या गाड्यांच्या दुकानातून मी ती घेतली त्यांनीही काही सांगितलं नाही. भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना रिकॉल बाकी असलेली गाडी देता येत नाही, असा कायदा 2016 पासून आहे. वापरलेली गाडी विकणाऱ्यांना अमेरिकेच्या केंद्र सरकारचा तसा कायदाच नाही. टेक्ससच्या वार्षिक तपासणीतही गाडी पास झालेली होती.

आता काउंटर. आमच्या शहराजवळ या कामाची सोय होईना, म्हणून चार तासांवरच्या एका डीलरला फोन केला. त्याचं नाव मी लिहिणार नाही. पहिल्या फोनवर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने व्हिन घेतला, थोडा वेळ टकटक केलं आणि सांगितलं की त्यांच्या सिस्टिममध्ये काही दिसत नाही. मी मोहिमेचा नंबर सांगितला. मग दिसलं. दिसलं आणि लगेच तेच वाक्य आलं : गाडी 2005 ची, आज 2022, सतरा वर्षं झाली, फुकट दुरुस्तीची मर्यादा पंधरा. पैसे देऊन करायचं असेल तर 2,100 डॉलर आणि कर.

मी फोन ठेवला आणि जवळजवळ हो म्हणायला निघालो होतो. बायको म्हणाली, "आधी तो नियम स्वतः वाच." रात्री दोनपर्यंत बसून वाचला. कायद्यात पंधरा वर्षं आहेत हे खरं. पण ती आजपर्यंत मोजायची नसतात. पहिल्या ग्राहकाने गाडी घेतल्यापासून रिकॉलची सूचना निघेपर्यंत मोजायची असतात. माझी गाडी पहिल्यांदा 2005 मध्ये विकली गेली, सूचना 2011 मध्ये निघाली. सहा वर्षं! 2011 मध्ये ही मर्यादा दहा वर्षांची होती, 2015 च्या कायद्याने ती पंधरा झाली. कुठलीही लावा, सहा त्यात बसतात. सूचना मुदतीत निघाली असेल, तर नंतर गाडी म्हातारी झाली म्हणून हक्क संपत नाही.

दुसऱ्या दिवशी हे सगळं फोनवर सांगितलं. तो मुलगा सौजन्याने ऐकून घेऊन म्हणाला, "सर, आमचं धोरण पंधरा वर्षांचं आहे." मी कलमाच्या क्रमांकासकट ईमेल लिहिला. नऊ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं, त्यातही तेच वाक्य. मॅनेजरशी बोलायचंय म्हणालो तर मॅनेजर रजेवर. मग मॅनेजर आले, पण भाग इंग्लंडहून मागवावे लागतात आणि कधी येतील सांगता येत नाही, हे नवीन कारण सुरू झालं. फुकट होणार नाही आणि भागही नाहीत, ही दोन्ही उत्तरं एकाच आठवड्यात मिळाली. सहा आठवडे गेले. गाडी गॅरेजमध्ये उभी. रोज सकाळी मी तिच्याखाली पुठ्ठा सरकवून डाग किती वाढला ते बघायचो.

या सहा आठवड्यांत मी एक मोठी चूक केली, ती तुम्ही करू नका. मला वाटत होतं की फोन आणि ईमेल चालू आहेत म्हणजे घड्याळ चालू आहे. तसं नसतं. कायदा म्हणतो की दुरुस्तीसाठी गाडी प्रत्यक्ष हजर केल्यापासून 60 दिवसांत ती नीट दुरुस्त झाली नाही, तर दुरुस्ती वाजवी वेळेत झाली नाही याचा तो प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. गाडी हजर केल्यापासून! माझी गाडी घरीच होती, म्हणजे माझा एकही दिवस मोजला गेला नव्हता.

जुलैच्या मध्याला फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर वाहून नेणारा सपाट ट्रक, मागवला, गाडी त्यावर चढवली आणि स्वतः मागून दुसऱ्या गाडीने गेलो. फ्लॅटबेडचे 900 डॉलर माझ्या खिशातून गेले. नळीचा सांधा ओला दिसत असताना ती गाडी चार तास हायवेवर चालवणार नव्हतो. काउंटरवर तेच वाक्य चौथ्यांदा, समोरासमोर ऐकलं. मी वाद घातला नाही. एवढंच म्हणालो, "हरकत नाही, गाडी आज रिकॉलच्या दुरुस्तीसाठी आणली आणि तुम्ही या कारणासाठी नकार दिला, एवढं रिपेअर ऑर्डरवर, म्हणजे तुमच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून द्या." तो आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याच्या हातातल्या कागदावर नकार नव्हता. "भागांची प्रतीक्षा" असं होतं, तारीख आणि मायलेजसकट. सही घेतली, कागदाचा फोटो काढला. तोंडी नकार द्यायला कोणाचंच काही जात नाही, पण सहीनिशी तो लिहून द्यायला तिथे कोणी तयार नव्हतं.

त्याच संध्याकाळी तो कागद, मोहिमेचा नंबर आणि कायद्यातलं वाक्य कंपनीच्या अमेरिकेतल्या कार्यालयाला पाठवलं. एनएचटीएसएकडे ऑनलाइन तक्रारही नोंदवली. ते खातं तुमचा एकट्याचा वाद सोडवत नाही, ही अपेक्षा ठेवू नका. पण तक्रारी नोंदल्या जातात, इतरांना वाचता येतात, आणि चौकशी सुरू करायची की नाही हे त्यांच्यावरूनही ठरतं. फोन करायचा असेल तर क्रमांक 888-327-4236.

बाराव्या दिवशी कंपनीकडून फोन आला. बाईंनी पंधरा वर्षांचा विषयही काढला नाही. नळ्या पाठवल्यात, एवढंच सांगितलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काम झालं, एका दिवसात. बिलावर शून्य डॉलर. हे शून्य मात्र खरं होतं. परतताना पहिल्या पेट्रोल पंपावर थांबून खाली वाकून बघितलं, सगळं कोरडं. घरी आल्यावर मुलगा हेल्मेट घेऊनच दारात उभा होता. त्याला घेऊन फक्त कॉलनीला चक्कर मारली, पण तशी चक्कर त्याआधी कधी झाली नव्हती.

पुण्याच्या दादाला हे सांगितलं तेव्हा त्याने आपल्याकडचं विचारलं. भारतात सक्तीच्या रिकॉलचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत आणि ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत, म्हणजे माझी गाडी तिथे असती तर त्यांत बसलीच नसती. त्याने सेकंडहँड गाडी घेतली आहे. त्याला म्हटलं, कंपनीला स्वतःहून तुझं नाव, पत्ता आणि चेसिस नंबर कळव. इथेही तेच करायचं असतं, आणि मी ते गाडी घेतली त्याच दिवशी करायला हवं होतं. मी ते जून महिन्यात केलं.

आणखी एक राहिलं. आधीच्या कुणी मालकाने रिकॉल निघण्यापूर्वी स्वतःच्या पैशाने नळ्या बदलल्या असतील तर तो खर्च परत मागता येतो का, हे त्या मूळ पत्रात लिहिलेलं असतं. पावत्या टाकून देऊ नका. आणि याच वयाची अशी गाडी तुमच्याकडे असेल, तर आज संध्याकाळीच इंजिन गार असताना पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा, नळी जिथे धातूच्या जोडात शिरते तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर गाडी चालवत कुठेही नेऊ नका, फ्लॅटबेड मागवा.