चिकुनगुनियानंतर आईला पुन्हा चालतं करताना

ताप आठवड्याच्या आत उतरला, पण आईचं चालणं काही परत येईना. सत्तरी ओलांडलेली, तरी त्या पोळ्यापर्यंत रोज शेतात चक्कर मारणारी बाई. ती पलंगाच्या कडेला बसून म्हणायची, “माले उठता येस नही रे भाऊ.” घोटे सुजलेले, मूठ वळेना. भाकरी थापणं तर लांबच, पाण्याचा तांब्याही दोन्ही हातांनी धरावा लागे.

पहिली रक्ततपासणी निगेटिव्ह आली. सुरुवातीच्या चार-पाच दिवसांत आयजीएम (आजाराविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं) सापडेलच असं नसतं, हे डॉक्टरांनी समजावलं. नंतर पुन्हा केली तेव्हा निदान झालं. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत त्यांनी पॅरासिटामॉलशिवाय काही दिलं नाही. गल्लीत मात्र जो तो सांगे, एक सुई टोचून घ्या, मोकळ्या होतील. आईला बीपी आहे, आणि दुखण्याच्या गोळ्या या वयात किडनीवर येतात. म्हणून पुढेही क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) बघूनच मोजक्या गोळ्या दिल्या. मला ते फार पटलं.

सगळ्यात अवघड होतं संडासला नेणं. उकिडवं बसताच येईना, बसली तर उठवायला दोघं लागत. सुनेसमोर, लेकासमोर हे, म्हणून ती मनानं खचली. पाणीसुद्धा कमी पिऊ लागली. कमोडची खुर्ची आणली आणि ती पोटभर पाणी प्यायला लागली. माझ्या मते ही खुर्ची पहिल्या आठवड्यातच घरात यावी.

धुळ्याच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी उठण्याआधी गरम शेक, मग पलंगावरच पावलं वर-खाली, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि सोडायची, असं शिकवलं. वॉकरची मूठ मनगटाच्या उंचीला लावून दिली. वॉकर उंबऱ्याला अडायचा, तिथं गवंड्याकडून उतार करून घेतला. “दुखतंय तर पडू द्या” म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी हात जोडले. म्हातारपणी पडून राहिलं की मांड्यांतली ताकद बघता बघता जाते.

सकाळचा आखडलेपणा काही महिने राहिला. आता ती काठी टेकत मारुतीच्या पारापर्यंत जाते. काठी जास्त दुखणाऱ्या पायाच्या उलट हातात. जिना अजून नको म्हणते.

चिकुनगुनिया पसरवणारा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आमच्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून ड्रम भरलेले, आणि उन्हाळा सरला तरी कूलरच्या टाकीत पाणी तसंच. आता दर शुक्रवारी ते सगळं ओतून, घासून, वाळवायचं काम माझ्या मुलानं अंगावर घेतलंय.